४८ संदर्भ, त्यातले वाचलेले ११ (नर्सिंगच्या प्रबंधासाठी मदत हवी)

रेघोटी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते. आज गळ्याशी आलं म्हणून पहिला धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेडिकल-सर्जिकलला. त्याआधी नऊ वर्षं वॉर्डात काढली. विषय असा: घरी अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला बेडसोअर (सतत पडून राहून होणाऱ्या जखमा) होऊ नयेत म्हणून काय करायचं हे नातेवाइकांना कितपत माहीत असतं, आणि शिकवल्यावर किती फरक पडतो. सिनॉप्सिस पास झाला, एथिक्सचं पत्र हातात आहे, डेटा निम्मा गोळा झालाय. घोडं अडलंय रिव्ह्यू ऑफ लिटरेचरपाशी, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्यापाशी.

काल मॅडमनी चॅप्टर परत दिला. एकही वाक्य खोडलेलं नाही. फक्त शेवटच्या यादीत प्रत्येक संदर्भासमोर पेन्सिलीनं एक अक्षर, ‘व’ किंवा ‘न’. मी विचारलं, तर म्हणाल्या, "व म्हणजे वाचलेला, न म्हणजे न वाचलेला. बरोबर ओळखलंय ना मी?" ४८ पैकी ११ ना व मिळालाय. खरं सांगायचं तर अकरा म्हणजेही त्यांचा मोठेपणा.

बाकीचे कुठून आले ते तुम्हाला माहीतच आहे. सीनियरच्या प्रबंधातून. तिने तिच्या सीनियरच्या प्रबंधातून घेतले होते.

तर: (१) शोधायचं कुठे आणि कसं? (२) मूळ पेपर मिळतच नसेल तर काय करायचं? (३) संदर्भ लिहायच्या व्हँकुव्हर आणि एपीए या पद्धतींतलं नक्की काय वापरायचं? आमच्याकडे दोन मॅडम दोन गोष्टी सांगतात.

तांबडा_पांढरा

मॅडमना कोल्हापूरहून दंडवत. आमच्या इंजिनिअरिंगला गाईडनं शेवटचं पान कधी उघडल्याचं ऐकिवात नाही. विषयातलं काही कळत नाही, पण बसलोय.

टाके_घालणारा

एवढं मनावर घेऊ नका. एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, जाडी बघतात, जेवतात, सही करून जातात. माझ्या एम.एस.च्या प्रबंधात ११२ संदर्भ होते. किती वाचले होते ते विचारू नका. पास झालो, आज रोज पोटं उघडतोय.

ओपीडीवाली

टाके_घालणारा, तुमच्या ओपीडीचा नंबर द्या. म्हणजे तिकडे फिरकायला नको. (दिवे घ्या, गंमत करतेय)

रेघोटी, मॅडमनी ओळखलं कसं ते विचारलंस का? मला तेच जाणून घ्यायचंय.

रेघोटी

विचारलं ना. मी लिहिलं होतं की ब्रेडन स्केल (बेडसोअरचा धोका मोजायची पट्टी) अमक्या लेखकानं २०१४ मध्ये मांडलं. मॅडम म्हणाल्या, "हे स्केल मी १९९६ ला वॉर्डात वापरत होते." खल्लास.

पुस्तकपाल

हा धागा बघून राहवलं नाही. एका मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे.

आधी तुमच्या ब्रेडनचा निकाल लावू. मूळ पेपर १९८७ चा, ‘नर्सिंग रिसर्च’ या नियतकालिकातला, खंड ३६, अंक ४, पानं २०५ ते २१०. पहिलं नाव बर्गस्ट्रॉम यांचं, ब्रेडन दुसऱ्या, पुढे लगुझा आणि होल्मन. म्हणजे ‘ब्रेडन आणि इतर’ असं लिहिणारासुद्धा पेपर न बघता लिहितोय, हे पहिल्या शब्दालाच कळतं. तुमच्या मॅडमची युक्ती बहुधा हीच असणार. चुका वारशानं येतात. एकानं वर्ष चुकवलं की पुढच्या सहा बॅचना तेच वर्ष मिळतं. कुणी कुणाचं उतरवलंय हे आम्ही चुकीवरूनच ओळखायचो.

आता शोधण्याबद्दल. आमच्या वेळी ‘इंडेक्स मेडिकस’ या वैद्यकीय लेखांच्या सूचीचे विटेएवढे खंड असायचे. १८७९ साली सुरू झालेलं ते प्रकरण २००४ ला छापील रूपात संपलं. त्यात शोधायचं, आकडे कागदावर उतरवायचे, नियतकालिक आपल्याकडे नसेल तर दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीला झेरॉक्ससाठी पत्र टाकायचं. काही जण थेट लेखकाला पोस्टकार्ड धाडत. ‘कृपया आपल्या लेखाची प्रत पाठवावी’, एवढाच मजकूर. महिना-दीड महिन्यानं परदेशी तिकिटाचं पाकीट आलं की तिकिटासाठी आमच्या शिपायात आणि क्लार्कात भांडण.

आज तेच काम पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीवर घरबसल्या आणि फुकट होतं. पण तिथे मुलं गूगलसारखं अख्खं वाक्य टाकतात आणि चार हजार निकाल बघून हबकतात. विषयाचे तुकडे करा. तुमच्या विषयात तीन आहेत: जखम, घरचा माणूस, शिकवणं. प्रत्येक तुकड्याची सगळी नावं ‘ऑर’नं जोडायची आणि मग तुकडे एकमेकांना ‘अँड’नं. हे दोन्ही शब्द कॅपिटलमध्ये लिहा, नाहीतर पबमेड त्यांना जोडशब्द म्हणून ओळखत नाही.

आणि नावं किती ते बघा. बेडसोअर, प्रेशर सोअर, डेक्युबिटस अल्सर, प्रेशर अल्सर. त्यात २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बेडसोअरविषयक सल्लागार मंडळानं ‘प्रेशर इन्ज्युरी’ हे नाव स्वीकारलं. एकच नाव टाकून शोधलंत तर बाकीच्यांचं सगळं काम तुमच्या लेखी झालंच नाही. त्यासाठीच ‘मेश’ आहे, म्हणजे विषयांच्या ठरलेल्या मथळ्यांची यादी. कुणी काहीही म्हणो, तिथे ते एकाच मथळ्याखाली बसवलं जातं. आधी मेशच्या पानावर आपला शब्द टाकून बघा, कुठल्या मथळ्याकडे नेतोय ते.

सोपं उदाहरण देतो. लाल भोपळा, तांबडा भोपळा, डांगर. भाजी एकच. बाजार समितीच्या पाटीवर मात्र एकच नाव लिहिलेलं असतं.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

काका, डांगर म्हणजे भोपळा?? आमच्याकडे डांगर म्हणजे उडदाच्या पापडाचं पीठ. वर कच्चं तेल, ताक आणि कांदा. भोपळा कुठून आला मध्येच?

खानदेशी_ठेचा

डांगर म्हणजे भोपळाच. डांगराची भाजी खाल्ली नसेल तर आयुष्य वाया.

तांबडा_पांढरा

आला रे आला, धागा पाककृती विभागात हलवा.

पुस्तकपाल

हसा, पण मेशची अर्धी गरज भोपळ्यानं दाखवली आणि उरलेली पापडानं. एका वस्तूची अनेक नावं असतात, तशाच एका नावाच्या अनेक वस्तू. नुसतं ‘प्रेशर’ टाकलंत तर ब्लडप्रेशरचे लाखभर पेपर अंगावर येतील.

झेरॉक्स_तीन_रुपये

सगळं खरं काका, पण पबमेडवर मिळतो तो सारांश. पूर्ण पेपर उघडायला गेलं की चाळीस डॉलर मागतात. खाजगी कॉलेजातल्या पोरांनी काय करायचं? आमच्या ग्रंथालयात कपाटांना कुलूप आहे, किल्ली सरांकडे, सर इन्स्पेक्शनला आले की येतात. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात मात्र टेबलावर २०१९ ची नियतकालिकं मांडलेली असतात, पिशव्यासुद्धा फोडलेल्या नसतात. कॉलेजचं नाव सांगत नाही, अजून व्हायवा बाकी आहे.

गच्चीवरचा_चहा

सरकारनं वर्गणी भरून नियतकालिकं खुली करायची ती ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आलीय ना? १ जानेवारी २०२५ पासून. तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिकं, तीन वर्षांना सहा हजार कोटी. बातम्यांत केवढं झळकलं होतं.

झेरॉक्स_तीन_रुपये

आलंय, पण केंद्राच्या आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. खाजगीवाले आम्ही खिडकीतून बघतोय.

ओपीडीवाली

आणि सरकारी कॉलेजात असून किती जणांना माहीत आहे? आमच्या शेजारच्या कॉलेजात इन्फ्लिबनेटकडे (ही योजना राबवणाऱ्या संस्थेकडे) नोंदणी होऊन वर्ष झालं, पण मुलींना लॉगिनच दिलं नव्हतं. एकीनं धीर करून ग्रंथालयात विचारलं तर म्हणाले, "कोणी मागितलंच नाही." रेघोटी, तू सरकारीत आहेस ना? उद्या जाऊन माग.

सर्व्हर_डाऊन

एवढा काथ्याकूट कशाला? साय-हबवाल्या कझाकस्तानी ताई आहेत ना, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाका, फुकट पेपर घ्या.

व्यवस्थापक

सर्व्हर_डाऊन, त्या साइटवर मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली उच्च न्यायालयात २०२० मध्येच दावा लावलाय. दुवे देऊ नयेत. तुमचा पुढचा प्रतिसाद उडवला आहे.

मेलबर्नकर

मी इथे नर्स आहे, शिक्षण मिरजेचं. झेरॉक्स_तीन_रुपये, सरळ मार्ग बरेच आहेत, एकेक करून बघा. पबमेड सेंट्रलवर पूर्ण पेपर फुकट असतात. गूगल स्कॉलरवर पेपरच्या खाली ‘ऑल व्हर्जन्स’ असतं, त्यात अनेकदा लेखकाच्या विद्यापीठानं ठेवलेली प्रत सापडते. नाहीच मिळालं तर सारांशाच्या पानावर पत्रव्यवहाराचा ईमेल असतो, त्यावर दोन ओळी लिहा. काकांच्या पोस्टकार्डाचाच प्रकार, फक्त तिकिटावरून भांडण होत नाही. मी आजवर पंधरा-वीस जणांना लिहिलं असेल, दोन-तीन सोडले तर सगळ्यांनी पाठवलं. लेखकाला कोणी वाचतंय याचाच आनंद असतो.

एक मात्र सांभाळा. पबमेडवर डावीकडे ‘फ्री फुल टेक्स्ट’ची खूण केली की यादी लहान होते आणि बरं वाटतं. पण मग तुमचा रिव्ह्यू ‘फुकट मिळालेल्या पेपरांचा’ होतो. आधी खूण न करता शोधा, काय काय झालंय ते बघा, मग मिळवायच्या मागे लागा.

इथे आम्ही सिनाल जास्त वापरतो, तो खास नर्सिंगचा डेटाबेस आहे. पबमेडमध्ये न दिसणारी नर्सिंगची नियतकालिकं तिथे सापडतात. पण तो विकतचा, संस्थेनं घेतला असेल तरच. आणि आमच्या विद्यापीठात ग्रंथपालाबरोबर तासाभराची वेळ घेता येते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा लाज वाटत होती, एवढं साधं येत नाही म्हणून. तिनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, चल, तुझा प्रश्न सांग.

पुस्तकपाल

३१ वर्षांत मला असं विचारायला आलेले विद्यार्थी दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील. बाकी सगळे पंखा कुठे जोरात आहे ते विचारायला येत.

भविष्यवेत्ता

२०२६ मध्ये ग्रंथपाल? एआयला सांगा ‘बेडसोअरवर वीस संदर्भ व्हँकुव्हरमध्ये दे’. दहा सेकंद.

नळदुर्गची_सिस्टर

भविष्यवेत्ता, हे मी केलेलं आहे आणि तोंडावर पडलेली आहे. दहा मागितले, दहा मिळाले, स्वल्पविरामासकट नीटनेटके. नियतकालिकं खरी. लेखकही खरे, त्या विषयातलेच. पेपर मात्र त्यांतले सात अस्तित्वातच नाहीत! एकाचा पीएमआयडी (पबमेडवरचा क्रमांक) टाकला तर उंदरांच्या यकृतावरचा पेपर उघडला. मी ते टाकून प्रेझेंटेशन दिलं होतं. समोरच्या सरांनी तिथेच फोनवर शोधलं. पुढची पाच मिनिटं मी स्लाइडकडे बघत उभी.

शब्द सुचवायला, इंग्रजी नीट करायला वापरा. संदर्भ मात्र प्रत्येक वेळी शीर्षक पबमेडमध्ये चिकटवून, डीओआय उघडून बघा. उघडला नाही तर तो संदर्भ नाहीच.

आशाताईंची_मैत्रीण

मी कम्युनिटी हेल्थ नर्सिंग शिकवते. मूळ पेपर बघा असं आम्ही का ओरडतो, त्याचा एक किस्सा.

नवजात बाळांच्या घरच्या देखभालीवर कोणी लिहायला घेतलं की गडचिरोली येतंच. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा १९९९ चा ‘लॅन्सेट’मधला पेपर. माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलं, "गडचिरोलीत अर्भकमृत्युदर ६२ टक्के होता." मी म्हटलं, बाई, शंभरातली बासष्ट बाळं? गाव उरेल का? ती म्हणाली, मॅडम, दोन प्रबंधांत तसंच आहे. दोन्ही काढून बघितले. खरंच तसंच.

मग तिला घेऊन मूळ पेपर उघडला. गंमत अशी की त्यात ६२ दोनदा आहे. सुरुवातीला त्या ३९ गावांत नवजात मृत्युदर होता हजारी ६२. तिसऱ्या वर्षी तो २५.५ वर आला, आणि तुलनेच्या ४७ गावांचा हिशेब धरून निव्वळ घट निघाली ६२.२ टक्के. कुणीतरी कधीतरी एका ६२ ला दुसऱ्याचं टक्क्याचं चिन्ह लावलं. शिवाय नवजात म्हणजे पहिले अठ्ठावीस दिवस आणि अर्भक म्हणजे पहिलं वर्ष, तेही एक झालं. पोरीनं नुसता सारांश वाचला असता तरी हे टळलं असतं, कारण तिथे घट टक्क्यांत आणि दर हजारी असं शेजारी शेजारी लिहिलंय.

त्या यादीत लेखकाचं नाव ‘अभय बी.’ असं होतं. आडनाव आधी, मग आद्याक्षरं: बंग एटी, बंग आरए, बैतुले एसबी, रेड्डी एमएच, देशमुख एमडी. मग शीर्षक, मग लॅन्सेट १९९९;३५४(९१९४):१९५५-६१. (इथे नागरीत लिहितेय, प्रबंधात इंग्रजीत लिहा हे सांगायला नकोच. पण मागच्या वर्षी एकीनं माझा व्हॉट्सॲप मेसेज जसाच्या तसा चिकटवला होता, म्हणून सांगते.)

दुसरं, एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. ‘भारत सरकार’ असं लेखकाचं नाव लिहून मोकळे होतात. पाचव्या फेरीच्या अहवालावर स्वच्छ लिहिलेलं आहे: आयआयपीएस आणि आयसीएफ, २०२१. आयआयपीएस म्हणजे आपल्या देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. सगळे अहवाल त्यांच्या साइटवर फुकट आहेत.

ओपीडीवाली

६२ चा किस्सा जबरदस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

टाके_घालणारा

वरचं वाचून जरा ओशाळलो. मीही एक कबूल करतो. २०२० च्या मे महिन्यात कोविडसाठी दिलेल्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा तो मोठा पेपर आला होता, मी लगेच एका ऑनलाइन व्याख्यानात सांगितला. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो मागे घेतला गेला, कारण मुळातला डेटाच कोणाला तपासता आला नाही. माझ्या स्लाइड्स आजही कुठल्याकुठल्या ग्रुपवर फिरताहेत.

सुपातले_जात्यातले

म्हणूनच झोटेरो हे संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरा. मागे घेतलेला पेपर तुमच्या संग्रहात असेल तर तो लाल पट्टी दाखवतो. फुकट आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की पबमेडवरचा पेपर लेखक-वर्षासकट आत येतो, आणि वर्डमध्ये व्हँकुव्हर निवडलं की क्रमांक आपोआप पडतात. मी आधी हाताने घालायचे. गाईडनी तिसऱ्या पानावर एक संदर्भ वाढवला की पुढचे सगळे क्रमांक बदला. एकदा रात्री दोनला १७ चे १८ करताना २०१७ साल २०१८ झालं, ‘रिप्लेस ऑल’ची कृपा.

फक्त आत आलेलं डोळ्यांखालून घाला. कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी आपल्याकडच्या नावांत आडनाव कुठलं ते त्याला कळत नाही.

झेरॉक्स_तीन_रुपये

व्हँकुव्हर की एपीए, ते राहिलंच की.

पुस्तकपाल

विद्यापीठाच्या सूचनेत असेल ते. नसेल तर गाईड म्हणेल ते, आणि लेखी घ्या. व्हँकुव्हर हे नाव पडलं कारण वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये त्या गावी जमले होते. मजकुरात क्रमांक, यादी त्याच क्रमाने, लेखक सहापेक्षा जास्त असतील तर सहा लिहून ‘एट अल’. एपीए मानसशास्त्रवाल्यांचं: मजकुरात आडनाव आणि साल, यादी अकारविल्हे. मॅडम दोन असतील तर दोघींना एका खोलीत बसवा आणि बाहेरून कडी लावा.

आणि मूळ पेपर काही केल्या मिळालाच नाही, तर ज्या पुस्तकात वाचलात त्या पुस्तकाचा संदर्भ द्या आणि वाक्यातच सांगा की अमक्याचं मत तमक्यानं उद्धृत केलंय. त्यात कमीपणा नाही.

रेघोटी, एक विचारतो. तुमच्या प्रस्तावनेत नाइटिंगेलबाईंचं वाक्य आहे का? रुग्णालयानं आधी निदान आजाऱ्याला अपाय तरी करू नये, असं काहीसं? बहुतेकांच्या असतं. असेल तर पुस्तक कोणतं आणि पान कितवं दिलंय?

रेघोटी

काका, तुम्ही माझा प्रबंध बघितलाय का!! पहिलंच वाक्य आहे ते. ‘नोट्स ऑन नर्सिंग, १८५९’ असं लिहिलंय. पान नाही लिहिलेलं. शोधते.

तांबडा_पांढरा

काकांनी गळ टाकला.

रेघोटी

आठ दिवसांनी येतेय, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा.

ओपीडीवालीताई, ग्रंथालयात गेले. लॉगिन होतं! सरांनी ड्रॉवरमधून छापील कागद काढला, त्यावर सूचना होत्या, कागद पिवळा पडायला आला होता. मी म्हटलं, मला शोधायलाही शिकवाल का, तर ते क्षणभर बघतच राहिले. मग दुपारभर बसले माझ्याबरोबर. तीन तुकडे पाडले, नावं जोडली, २१४ निकाल आले. सारांश वाचून ३६ उरले. त्यातले २७ पूर्ण वाचून झालेत, दोघा लेखकांना ईमेल केलाय. तुर्कस्तानातल्या एका बाईंचं उत्तर चार तासांत आलं, वर प्रश्नावली पण पाठवली आणि ‘तुमचे निकाल मला कळवा’ म्हणाल्या. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं.

आधीच्या ४८ पैकी ३० काढून टाकले. पाच तर कुठे सापडलेच नाहीत, पबमेडवरही नाहीत, स्कॉलरवरही नाहीत. म्हणजे एआय यायच्या आधीपासूनच आमच्या कॉलेजात हे चालू होतं.

आणि काका, नाइटिंगेल. ‘नोट्स ऑन नर्सिंग’ स्कॅन केलेलं मिळालं, सबंध चाळलं, वाक्य नाहीच. ते आहे ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’मध्ये, १८६३ च्या तिसऱ्या आवृत्तीच्या अगदी प्रस्तावनेत. तुम्हाला माहीत होतं ना? पण चाळता चाळता दुसरंच सापडलं. बेडसोअर झाला तर दोष बहुतेक वेळा आजाराचा नसून नर्सिंगचा असतो, असं बाईंनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’च्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय. माझाच विषय! आधीचं वाक्य काढलं, हे घातलं, पान क्रमांकासकट.

मॅडमना आज नवीन यादी दिली. पेन्सिल हातात घेतली, वरून खालपर्यंत गेल्या, एकही अक्षर न लिहिता परत दिली. मग म्हणाल्या, सतरा नंबरला टिंब राहिलंय.

पुस्तकपाल

माहीत होतं. टिंब सालानंतर नाही ना घातलंत? तिथे अर्धविराम येतो.

कोकणकन्या_एक्स्प्रेस

अभिनंदन रेघोटी! आता डांगराचा निकाल लावून टाका कोणीतरी.